सरळ बसलेली साठ मुलं

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आपल्या व्हरांड्यात तो दोन रंगांच्या फळ्यांचा बुटका बाक कुठून आला आणि आजी त्याच्यावर अशी का बसली आहे. मी "आणला असाच" म्हणून विषय बदलला, कारण तुमचे आजोबा माझ्या मागं उभे राहून हसत होते. ही गोष्ट तोंडी सांगायला घेतली की ते मध्ये मध्ये बोलतात आणि सगळं श्रेय स्वतःकडे घेतात. म्हणून लिहून पाठवते. कुठं शब्द अडला तर आईला विचारा. गोष्टीत एक मोठी चूक आहे आणि ती माझी आहे, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते.

तुम्ही आलात की ज्या वरच्या खोलीत झोपता, तिथं गेली दोन-अडीच वर्षं एक मुलगी राहते. सुरगाण्याकडच्या एका गावातली आहे, इथं नाशिकला आर्किटेक्चर शिकते. ती राहायला आली त्या दिवशी मी तिला घराचे नियम लिहून दिले होते. अकरा नियम, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. तिनं दोन्ही बाजू वाचल्या, कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आजी, यातले आजोबा किती पाळतात?" तेव्हापासून आमचं जमलं.

गेल्या हिवाळ्यात तिला कॉलेजातून एक काम मिळालं. माणसांची मापं घ्यायची आणि त्या मापांवरून आदर्श वर्गखोली आखायची. याला ती अँथ्रोपोमेट्री म्हणायची. मी शब्दकोशात पाहून 'मानवमिती' हा शब्द काढून दिला, तो तिला इतका आवडला की तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. माणूस बसला की त्याचा गुडघा जमिनीपासून किती वर येतो, पाठीपासून गुडघ्यापर्यंत किती लांबी, कोपर कुठं येतं, बसल्यावर रुंदी किती, हे सगळं मोजायचं. मग त्याप्रमाणे बाक, टेबल, खिडकी, फळा.

तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना हे मार्कांपुरतं काम होतं. तिला नव्हतं. तिच्या गावातल्या शाळेला त्याच वर्षी गावकऱ्यांनी श्रमदान करून एक नवी खोली बांधली होती. तोवर मुलं सतरंजीवर बसत. नव्या खोलीत बाक करायचं ठरलं आणि शाळेच्या गुरुजींनी हिला निरोप धाडला: संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुतार कामाला बसेल, तोवर तुझ्या कॉलेजातल्या मॅडमची सही असलेलं चित्र आणलंस तर तुझ्या मापाचे बाक करू, नाहीतर तालुक्याच्या शाळेत आहेत तसेच करू.

तालुक्याच्या शाळेतले बाक हिला पाठ होते. आठवीत ती तिथं गेली आणि दोन वर्षं तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. "पायाला मुंग्या यायच्या, आजी. मी गणितात कच्ची राहिले ती त्या मुंग्यांमुळं." धाकटी बहीण आता गावच्या शाळेत चौथीत होती, आणि अंगानं हिच्यापेक्षा बारीक. "तिचे पाय टेकले पाहिजेत," असं ती जिन्यावरून खाली येताना, भांडी घासताना, कधीही म्हणायची. मॅडमची सही संक्रांतीच्या आत मिळवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सराव आमच्यावर झाला. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात यंत्रं मोजली आहेत. माणसं मोजायची म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. कपाटातून त्यांनी केसाइतका फरक दाखवणारं आपलं जुनं व्हर्नियर काढलं, ते मऊ फडक्यानं पुसलं, आणि स्वतःच्या गुडघ्याला लावून म्हणाले, "लिही. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार मिलिमीटर."

"आजोबा, मला बाक करायचाय. टर्बाइन नाही."

"बाक ढिला झाला की मग ये माझ्याकडे," आजोबा म्हणाले, आणि रुसून दुसरा गुडघाही मोजला. दोन गुडघ्यांत फरक निघाला. पुढचे चार दिवस ते त्या फरकाबद्दल बोलत होते.

मग पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची पाळी आली. उंची दिली, हाताची लांबी दिली, पण बसल्यावरची रुंदी मोजायला मुलगी टेप घेऊन मागं गेली तशा मावशी ताडकन उठल्या.

"माझं बूड मोजतीस व्हय गं?"

"मावशी, सगळ्यांचं मोजतात. अभ्यास आहे."

"अभ्यास हाय तर बाईंचं मोज आधी."

"आजी नाही म्हणाल्या."

"मंग माझंच बरं सापडलं!" तरी बसल्या शेवटी. "लय मोठं आलं तर कागदावर नको लिवूस. मनात ठेव."

मी माझं माप देत नव्हते हे खरं आहे. मला कुठं शाळेत जायचं आहे, असं मी कारण दिलं. खरं कारण असं, की तुमच्या आईच्या लग्नापासून मी माझी उंची पाच फूट दोन इंच सांगत आले आहे आणि हल्ली वरच्या फडताळातला डबा काढताना मला वेगळीच शंका यायला लागली होती. शिवाय बसण्याच्या बाबतीत मला मोजून घ्यायची गरजच नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. मी ज्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले तिथल्या सिस्टर आमच्या पाठीला लाकडी पट्टी लावून बघायच्या. पट्टी आणि पाठ यांच्यामधून उजेड दिसला की तास संपेपर्यंत उभं राहायचं. पुढं मी स्वतः एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पट्टी कधी वापरली नाही, पण माझ्या वर्गात कुणाच्या पाठीतून उजेड दिसल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती गावच्या शाळेत साठ मुलं मोजायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "साठ मुलं एकटीनं कशी आवरशील? मी येते." हे वाक्य लक्षात ठेवा.

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते घाटात गाडी चालवत नाहीत. म्हणून सुरगाण्यापर्यंत बस आणि पुढं जीप. जीपवाल्याला मानवमिती टेपशिवाय येते. तो दाराशी उभा राहून येणाऱ्याला पायापासून वरपर्यंत एकदा बघायचा आणि जागा सांगायचा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आत बसलेल्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही मधल्या शिटावर, त्या दोन बारीक पोरांच्या मधी. आजोबा दाराला. तुम्ही सैल बसू नका, अजून तिघं हायेत." तिघं आली आणि बसलीही. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. तीही आखडून बसली होती.

शाळा टेकडीच्या कुशीत आहे. मुलं पटांगणात नुसती इकडून तिकडं पळत होती. मी उतरले, साडी नीट केली, आणि माझी जुनी शिट्टी पर्समध्ये होती ती वाजवली. पुढच्या पाच मिनिटांत उंचीप्रमाणे रांग लागली. गुरुजी स्वतः रांगेच्या शेवटी उभे राहिले होते. त्यांना बाहेर काढावं लागलं.

मोजायची पद्धत अशी होती: आजोबांनी घरून आणलेल्या लाकडी खोक्यावर मुलानं बसायचं, मुलगी टेप लावून आकडा सांगणार, मी वहीत लिहिणार. आणि प्रत्येक मूल बसलं की मी सांगायचे, "पाय जुळव. पाठ सरळ. हात मांडीवर. समोर बघ." एकदाच सांगावं लागलं. दहाव्या मुलानंतर तर पोरं रांगेतूनच ताठ होऊन यायला लागली. दीड तासात साठ मुलं झाली. खाडाखोड एकही नाही.

सगळं आवरून खोकं उचलायला गेलो तर त्याच्यावर हिची धाकटी बहीण अजून बसलेली. ती शेवटची होती. हात मांडीवर, नजर समोर, गाल फुगलेले.

"अगं, तुझं झालं की मघाशी," मुलगी म्हणाली.

पोरीनं भस्सकन श्वास सोडला. "बाई 'हल' म्हणाल्याच नाहीत, ताई."

मला तेव्हा त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. परतीच्या जीपमध्ये मी आजोबांना दोनदा म्हटलं, खेड्यातली मुलं किती शिस्तीची.

जानेवारी लागला तसं चित्र तयार झालं. आपल्या कोपऱ्यावरच्या सुतारानं त्यावरून नमुन्याचा एक बाक करून दिला, पांढरट लाकडाचा, सुबक. बसायची फळी अरुंद, पाठ अगदी काटकोनात. बाक कॉलेजात न्यायचा म्हणजे टेम्पो आला, तेव्हा मॅडमच म्हणाल्या की मी घरी जाता जाता बघून जाते. संक्रांतीला नऊ दिवस होते. मुलीनं सकाळपासून बाक चार वेळा पुसला.

मॅडम आल्या. तरुण आहेत, बोलायला साध्या. त्यांनी आधी मापांची वही उघडली, म्हणजे माझी वही. "अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "थँक यू." मग त्या वही घेऊन बाकावर बसल्या आणि पानं उलटायला लागल्या. वाचता वाचता त्यांची चुळबुळ सुरू झाली. एकदा डावीकडं कलल्या, एकदा उजवीकडं. चप्पल काढून एक पाय वर घ्यायला गेल्या, तर फळीवर जागाच नव्हती, पाय परत खाली. मी हे सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, मॅडमना बसायची सवय नाही.

"सगळ्यांच्या पाठी सरळ?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"साठच्या साठ? पहिलीतल्यांच्यासुद्धा?"

मला राहवलं नाही. "अहो, मी होते ना तिथं," मी म्हटलं.

मॅडमनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही शिक्षिका होतात का?"

"एकतीस वर्षं."

"तरीच," मॅडम म्हणाल्या, आणि वही मिटली. मुलीकडं वळून त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. "मापं चुकीची नाहीत. पण ही वर्गातल्या मुलांची मापं नाहीत. ही फोटोला बसलेल्या मुलांची मापं आहेत. या बाकावर मूल दहा मिनिटं बसेल. पुढचे पाच तास काय करेल? मी यावर सही करू शकत नाही."

"मॅडम, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुतार..."

"माहीत आहे मला. म्हणूनच करत नाही. नुसतं मार्कांचं असतं तर केलीही असती. मुलं खरी कशी बसतात ते बघून ये."

मॅडम चहा न घेता गेल्या. मुलीनं बाकावरचं फडकं उचललं, घडी केली आणि वर गेली. मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं. मावशी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. तुमच्यासमोर मांजर पन पाय जुळवून बसतं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आकडा मांडून पाहिला. परत सुरगाण्याला जायचं, परत साठ मुलं मोजायची, नवं चित्र काढायचं, बाक दुरुस्त करायचा, मॅडमना दाखवायचा, आणि सही घेऊन गावी पोचायचं. नऊ दिवस. आणि मोजायचं काय, तेच माहीत नाही. मुलगी वरून उतरलीच नाही. मी ताट वर नेऊन ठेवलं. नियम क्रमांक सहा, खोलीत जेवायचं नाही. मी स्वतःच मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. आजोबा कानटोपी घालून स्वयंपाकघरात चहा करत होते. मी जेवणाच्या टेबलाशी इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. एक आडवा शब्द अडला होता, सात अक्षरी. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"आजी, हलू नका!"

मला वाटलं पाल आहे. मी तशीच थांबले. मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी, हातात फोन. तिनं फोटो काढला, मग टेप घेऊन धावत आली आणि माझ्या पायाशी बसली.

"काय झालं?"

"बसा तशाच. प्लीज."

मग मी खाली बघितलं. माझा डावा पाय उजव्या मांडीखाली होता. उजवा गुडघा वर, टेबलाच्या कडेला टेकलेला. पाठ ढेपाळून पार गोल, आणि एक कोपर पेपरावर. दुमडलेल्या पायाचा गुडघा खुर्चीच्या बाहेर चांगला चार बोटं अधांतरी.

"मी अशी बसत नाही," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही रोज अशाच बसता. दोन वर्षं बघतेय मी."

आजोबा गाळणं हातात घेऊन दारात आले. "दोन? मी बेचाळीस वर्षं बघतोय."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"नियमात नव्हतं."

मुलगी हसायची थांबत नव्हती, पण टेप धरलेला हात स्थिर होता. "गावी सतरंजीवर आम्ही असंच बसायचो," ती म्हणाली. "मांडी घालून, पाय पोटाशी घेऊन, कसंही. मग तालुक्याला बाक आले. पाय खाली टेकत नव्हते आणि वर घ्यायला जागा नव्हती. आजी, नुसते पाय टेकून भागणार नाही. उचलावेसे वाटले तर उचलता आले पाहिजेत." तिनं माझं माप वहीत लिहिलं. पहिल्यांदाच त्या वहीत माझं नसलेलं अक्षर आलं, आणि तिरकं आलं. सात अक्षरी शब्दही मग सुटला, पण तो आता आठवत नाही.

शनिवारी आम्ही परत गेलो. माणसं तीच, जीपवालाही तोच. त्यानं मला न विचारता मधल्या सिटावर घातलं. या वेळी माझ्यासाठी मुलीनं एकच नियम केला होता, आणि तोही लेखी: आजींनी वर्गात यायचं नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, शिट्टी घरी ठेवायची.

मला शाळेच्या मागं, खिचडी शिजवतात त्या पडवीत बसवलं. स्वयंपाकाच्या बाईंनी माझ्यापुढं मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप सोलायला ठेवलं. पडवीच्या खिडकीतून नव्या खोलीचा आतला भाग दिसत होता, हे मुलीच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मी उभी नव्हते, बसले होते. नियम मोडला नाही.

आत तिनं विटांवर रुंद फळ्या ठेवून तीन उंचीचे बाक मांडले होते आणि फळ्यांवर खडूनं दर चार बोटांवर रेघा मारल्या होत्या. कोणाचा गुडघा कोणत्या रेघेवर जातो ते ती कोपऱ्यात बसून टिपून घेणार होती. अडचण एकच होती. कोणी बघतंय म्हटलं की मुलं ताठ होतात. मोजतोय हे विसरायला लावायचं तर त्यांना एक तर रंगवून टाकायला हवं किंवा कंटाळवून. रंगवायचं काम अवघड असतं. कंटाळवायचं काम तुमच्या आजोबांनी घेतलं. त्यांना वाटत होतं ते रंगवणार आहेत.

"तर मुलांनो," ते फळ्याशी उभे राहून म्हणाले, "आज आपण कोळशापासून वीज कशी होते ते पाहू."

पहिली दहा मिनिटं मुलं गेल्या वेळेसारखीच बसली होती. मागच्या वेळच्या शिट्टीचा धाक अजून उतरला नसावा. आजोबा रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणीवरून बॉयलरवर आले. बाराव्या मिनिटाला मागच्या रांगेतल्या एका मुलानं एक पाय वर घेतला. मी घड्याळात बघितलं होतं. मग त्याच्या शेजारच्यानं मांडी घातली. वाफ टर्बाइनपर्यंत पोचली तोवर एक मुलगी टाचांवर बसली होती, दोघी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून होत्या, एकानं दप्तर उशासारखं घेतलं होतं, आणि एक पठ्ठ्या फळीवर पालथा पडून खालच्या रेघा मोजत होता. आजोबांचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं.

मला मात्र सगळं दिसत होतं. ती पोरं बघून माझ्या घशाशी "सरळ बसा!" येत होतं, अगदी आपोआप, शिंक येते तसं. आलं की मी दोन मटारदाणे तोंडात टाकायचे.

स्वयंपाकाच्या बाई काही वेळ बघत राहिल्या. "तुम्ही बोलत का नाय?"

"मला बंदी आहे."

"आन खाता का कच्चे?"

"तीच बंदी पाळायला."

त्यांनी सूप पुढं ओढून आत बघितलं. निम्मे दाणे उरले होते. "मंग खिचडीत काय टाकू मी?" असं त्या मला नाही, शेंगांच्या टरफलांना म्हणाल्या.

धाकटी बहीण पहिल्या रांगेत होती. ती सगळ्यांत उशिरा सैल झाली. कूलिंग टॉवर आला तेव्हा कुठं तिनं इकडंतिकडं बघितलं, बहुधा मीच दिसते का ते, आणि हळूच डावा पाय वर घेऊन मांडीखाली दुमडला. उजवा पाय खाली लोंबकळत राहिला, अंगठ्यानं जमीन चाचपत. कोपऱ्यातून तिची ताई ते बघत होती. तिनं पेन खाली ठेवलं, एक वीट काढून तो बाक जरा बुटका केला तर किती होईल ते बोटांनी मापलं, आणि परत लिहायला लागली.

नवं चित्र तीन दिवसांत झालं. बसायची फळी रुंद, जवळजवळ पाटासारखी. उंची कमी. खाली पाय टेकवायला आडवी पट्टी, लहानग्यांसाठी. दप्तराला बाजूला खुंटी, म्हणजे ते पाठीमागं किंवा उशाला घ्यावं लागणार नाही, पण हवं तर घेता येईल. नवा बाक करायला सुताराकडं वेळ नव्हता. त्यानं जुन्याचेच पाय कापले आणि पांढऱ्या फळीपुढं त्याच्याकडं पडलेली एक तांबडी फळी जोडली. तुम्ही बघितलेले दोन रंग ते हे. मागची पांढरी फळी ही माझी चूक आहे.

मॅडम भोगीच्या दिवशी आल्या. घरात बाजरीच्या भाकरीचा वास सुटला होता. त्यांनी नवी वही उघडली. पहिल्याच पानावर एका वृद्ध बाईंचं रेखाचित्र होतं. खुर्चीत एक पाय दुमडून, पाठ गोल करून, पेपर वाचताना. खाली लिहिलं होतं: 'व्यक्ती क्रमांक एक.' आणि उभं राहिल्यावरची उंची. ती मी इथं लिहीत नाही. शुक्रवारी कपाटाशी उभी असताना तिनं ती माझ्या नकळत घेतली.

मॅडम पानं उलटत बाकावर बसल्या. चौथ्या पानावर त्यांनी चप्पल काढली. सहाव्या पानावर एक पाय वर घेतला. पुढं त्या वाचतच राहिल्या आणि दुसराही पाय वर गेला. मी, आजोबा, मावशी, तिघंही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो.

"हे ठीक आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या. मग थांबून त्यांनी विचारलं, "या वेळी आजी कुठं होत्या?"

"खिचडीच्या पडवीत, मॅडम. मटार सोलत."

"वर्गात आल्या नव्हत्या?"

"नाही."

मॅडमनी पेन काढलं आणि सही केली. उठताना त्यांना स्वतःच्या चपला शोधाव्या लागल्या. या वेळी चहा घेतला, भाकरीही घेतली. मावशींनी भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं. "सही करनारीला पाहिजे," असं म्हणाल्या.

मुलगी त्याच दुपारच्या बसनं चित्र घेऊन गावी गेली. बस सुटेपर्यंत आजोबा खिडकीखाली उभं राहून तिला सुतारासाठी सूचना देत होते. संक्रांत आम्ही दोघांनीच केली.

पंधरा दिवसांनी तिनं फोनवर फोटो पाठवला. नव्या खोलीत नवे बाक, नव्या लाकडाचे, ओळीनं. पहिल्या बाकावर धाकटी बहीण. एक पाय दुमडून मांडीखाली घेतलेला, दुसऱ्याची पूर्ण टाच खालच्या पट्टीवर. तोंडात पेन्सिल, आणि पाठ अशी पोक काढून, की माझ्या सिस्टरांची पट्टी मध्ये घातली असती तर नुसता उजेडच उजेड.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून फोटो मोठा करून बघितला. टाच टेकली आहे ना, ते नीट बघितलं. मग माझ्या तोंडून निघालंच, "अगं, सरळ बस." जवळ मटार नव्हते.

आतून तुमच्या आजोबांचा आवाज आला, "आधी तू बस."